प्रमुख पाहुण्यांची वेळ ठरलेली नसते

कोणत्याही महोत्सवाची एक पत्रिका असते. दीपप्रज्वलन किती वाजता, प्रमुख पाहुणे कोण, अध्यक्षीय भाषण कधी आणि आभार कोण मानणार, हे सगळं आधी छापून झालेलं असतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथल्या कासव महोत्सवात ठरलेल्या गोष्टी दोनच: सकाळी सातच्या सुमारास किनाऱ्यावर जायचं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा जायचं. त्या वेळी पाहुणे हजर असतील का, हे बोलावणाऱ्या गावालाही माहीत नसतं. पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं वाळूत बांधलेल्या दोरीमागे डोळे चोळत उभी असतात. कासवमित्र कुंपणात शिरतो, घरट्यांवर उपड्या घातलेल्या टोपल्या एकेक करून उचलतो, वाकून बघतो आणि कधीकधी नुसता हात हलवतो. आज नाही. मग सगळे चहाला निघतात.

या 'आज नाही'मुळेच वेळासचा महोत्सव मला इतर कितीतरी निसर्ग-महोत्सवांपेक्षा खरा वाटतो. गेल्या वीसेक वर्षांत आपल्याकडे असे उत्सव पुष्कळ निघाले. काजव्यांचे, रानफुलांचे, रानभाज्यांचे, पक्ष्यांचे, नदीचे. पर्यावरणाचं काम व्याख्यानांतून होत नाही, माणसं उत्सवाला मात्र येतात, असा त्यामागचा साधा हिशेब आहे आणि तो बऱ्यापैकी बरोबरही आहे. अडचण पुढे येते. गर्दी जमल्यावर कुणी कुणाच्या वेळेप्रमाणे वागायचं? प्राण्याने माणसांच्या, की माणसांनी प्राण्याच्या? हा प्रश्न ज्याने नीट सोडवला तो महोत्सव टिकतो. बाकीच्यांची यात्रा होते.

निसर्गाचे सण आपल्याला नवे नाहीत. बैलपोळा आहे, नारळी पौर्णिमा आहे. गोव्यात माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. भर पावसात थोरामोठ्यांसकट सगळे चिखलात लोळतात. पण ज्याची पूजा करतो त्याचं रक्षणही आपोआप होतं, असं समजायचं कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी घ्या. तिथे पूर्वी सणाच्या आधी काही दिवस शेतांतून, बांधांवरून जिवंत नाग धरून मडक्यांत ठेवत, पंचमीला त्यांची पूजा आणि मिरवणूक होई, सर्वांत मोठा नाग कुणाचा याची चुरस लागे. श्रद्धा खोटी नव्हती, पण नागाला त्यात हाल सोडून काही मिळत नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी हे जुळेना, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जिवंत नागांच्या खेळांवर बंधनं आली. गावात त्याबद्दलची नाराजी आजही आहे. कायद्याने एक गोष्ट थांबवता येते, तिच्या जागी दुसरी काय आणायची हे कायदा सांगत नाही.

कासवाचंही असंच. महाराष्ट्रातल्या असंख्य देवळांत सभामंडपात, गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. त्याला हात लावून नमस्कार केल्याशिवाय जुनी माणसं पुढे जात नाहीत. विष्णूच्या दहा अवतारांत ते दुसरं. आणि त्याच कोकणात, किनाऱ्यावर समुद्री कासवाची मादी रात्री अंडी घालून गेली की पहाटे तिच्या पावलांच्या खुणांवरून घरटं शोधून अंडी उकरून नेली जात. काही खाल्ली जात, काही विकली जात. माणसांकडून राहिली तर कोल्हे आणि कुत्रे होतेच. पाप केल्याची भावना त्यात फारशी नव्हती. देवळातलं कासव वेगळं आणि वाळूतलं वेगळं.

वेळासला चक्र उलटं फिरलं ते २००२ साली, आणि निमित्त भलतंच होतं. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली. हे लोक कोकण किनाऱ्यावर समुद्रगरुडाची घरटी मोजत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की इथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात आणि त्यांतली बहुतेक अंडी गावात पोचतात. ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या किनाऱ्यांवर हीच कासवं लाखांच्या संख्येने एकदम येतात, ते जगप्रसिद्ध आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र माद्या एकेकट्या, रात्रीच्या, कुणाच्या लक्षात न येता येऊन जातात. त्यामुळे महाराष्ट्रातही कासवं अंडी घालतात हे तोवर फार थोड्यांना ठाऊक होतं.

पुढचं काम चिकाटीचं होतं. गावातल्याच तरुणांना हाताशी धरलं, त्यांना थोडंफार मानधन देऊन रात्री आणि पहाटे किनाऱ्यावर गस्त सुरू केली. कासवाची मादी भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल, तळाशी रुंद असा खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून आपल्या अंगाने ती दाबते आणि समुद्रात परतते. त्यानंतर तिचा अंड्यांशी संबंध संपला. गस्तीवरचा माणूस ही अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतो. हे काही तासांच्या आत करावं लागतं, आणि अंडं हलवताना वरची बाजू खाली होऊ द्यायची नसते, कारण आतला गर्भ लवकरच टरफलाच्या वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं फिरलं तर तो मरतो. चोरीची अंडी उकरण्यात ज्यांचा हात बसलेला होता, त्यांनाच हे काम सर्वांत चांगलं जमतं, असं या क्षेत्रातले लोक हसत सांगतात. पहिल्याच हंगामात पन्नासेक घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्लं समुद्रात गेली.

पण मानधनावर चालणारं काम मानधन आटलं की थांबतं. गावातल्या इतरांना, म्हणजे ज्यांचा मुलगा कासवमित्र नाही त्यांना, कासव जगल्याने काय मिळणार होतं? इथे महोत्सवाची कल्पना पुढे आली, आणि २००६ साली पहिला कासव महोत्सव भरला. हॉटेल बांधायचं नाही, तंबू ठोकायचे नाहीत. आलेल्यांनी गावकऱ्यांच्या घरीच राहायचं, त्यांच्याच ओसरीवर जेवायचं. वेळास ही नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेली, चिऱ्यांच्या घरांची वस्ती. नाना फडणवीसांचं मूळ गाव ही तिची जुनी ओळख, आणि अडीच शतकं तेवढीच पुरली होती. आता फेब्रुवारी-मार्च आला की घरोघरी माजघर रिकामं करून गाद्या घातल्या जातात. घावन, आंबोळी, सोलकढी, सांगितलं तर उकडीचे मोदक. हा पैसा थेट घरातल्या बाईच्या हातात येतो, आणि एकदा तो यायला लागल्यावर कासवाची अंडी चोरणाऱ्याला सगळ्या गावाने जाब विचारायला सुरुवात केली. कुठल्याही जनजागृतीने हे झालं नसतं, असं माझं मत आहे. हंगाम शिमग्याच्या आसपासच येतो, त्यामुळे पालख्या, नमन-खेळे, जाखडी हे सगळं परिसरात त्याच दिवसांत चालू असतं. ते पाहुण्यांसाठी वेगळं मांडावं लागत नाही. गाव आपल्यासाठी नाचतं, पाहुण्यांनी बाजूला उभं राहून बघावं.

अंडी पन्नास-साठ दिवसांत उबतात. पिल्लं वाळूतून एकत्र वर येतात, पंधरा-वीस ग्रॅम वजनाची, तळहाताच्याही निम्मी. त्यांना कुणी हात लावायचा नाही आणि पाण्यात नेऊन सोडायचंही नाही. वाळूवरून स्वतः चालत जाण्यातच त्यांना त्या किनाऱ्याची ओळख पटते, असं मानतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे माद्या मोठेपणी जन्मकिनाऱ्याच्या आसपास परततात. नर मात्र एकदा पाण्यात गेला की पुन्हा जमिनीवर येत नाही. पिल्लं उजेडाकडे जातात. लाखो वर्षं रात्रीच्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ दिशा समुद्राचीच होती. आज ती एखाद्या रिसॉर्टचीही असू शकते. म्हणून मोबाइलचा दिवा, कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि दोरी ओलांडणं, तिन्हीला मनाई. वाळूत उमटलेलं माणसाचं पाऊलही त्या पिल्लाला खड्डा वाटतं.

आता एक टोचणारी गोष्ट. निसर्गात पिल्लं बहुधा रात्री बाहेर पडतात. वाळू थंड झाल्याची ती खूण असते, आणि अंधारात शिकारी पक्षी नसतात. बाहेर पडल्यावर पहिला दिवसभर त्यांच्या अंगात पोहण्याची विलक्षण घाई असते. त्या जोरावर ती किनाऱ्याजवळचा धोक्याचा पट्टा ओलांडून खोल समुद्रात पोचतात. टोपलीखाली सकाळ होईपर्यंत, किंवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ती अडकून राहिली तर ही शक्ती जाग्यावरच खर्च होते. म्हणून पिल्लं बाहेर पडताच सोडावीत, असं कासवांचे अभ्यासक सांगतात. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा या वेळा कासवांनी नेमलेल्या नाहीत; त्या आपल्यासाठी आहेत. हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं असं म्हणतात. त्यातलं थोडं नुकसान गावाच्या सहभागासाठी पत्करायचं का? माझं उत्तर 'हो' असं आहे, कारण दुसऱ्या पारड्यात अख्खं घरटं उकरलं जाण्याची शक्यता आहे. पण ते हो तडजोडीचं आहे हे विसरून चालणार नाही, आणि तडजोड पाहुण्यांच्या सोयीसाठी आणखी ताणली, 'शनिवार-रविवारसाठी थोडी पिल्लं राखून ठेवा' अशी मागणी कुणी मान्य केली, की संपलंच.

ती रेषा ओलांडली तर काय होतं हे बघायला अकोले तालुक्यात जावं. भंडारदऱ्याच्या परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर लाखो काजवे एका लयीत लुकलुकतात. तो लखलखाट म्हणजे नराने मादीला घातलेली साद. काजव्याच्या प्रौढ आयुष्याचे मोजके दिवस त्यातच जातात. काजवा महोत्सवाच्या नावाखाली शनिवारी रात्री तिथे गाड्यांची रांग लागते. हेडलाइट झाडावर पडला की साद दिसेनाशी होते. स्पीकर, जेवणावळी, झाडाला टेकून फोटो. शिवाय झाडाखालच्या पालापाचोळ्यात आणि मातीत मादीने घातलेली अंडी असतात, त्यांच्यावरून चपला फिरतात. वनखात्याने वेळा बांधल्या, नियम केले, नाके लावले. काही आदिवासी गावांनी वाटाडे आणि मुक्काम यांची चांगली घडीही बसवली आहे. पण रस्ता झाडापर्यंत जात असेल तर नियम करणाऱ्याची बाजू पहिल्यापासून लंगडी असते. वेळासच्या किनाऱ्यावर घरटं कुंपणात असतं आणि कुंपणाची किल्ली गावाकडे.

किल्ली गावाकडे असणं म्हणजे काय, हे आसामच्या बायकांकडून शिकावं. कामरूप जिल्ह्यात दादरा, पचारिया या गावांच्या परसांतल्या उंच झाडांवर 'हरगिला' घरटी करतो. मराठीत ज्याला मोठा क्षत्रबलाक म्हणतात तो हा पक्षी: पाच फूट उंच, टकल्या, गळ्यात लोंबती पिशवी, कचऱ्यावर आणि मढ्यांवर जगणारा. घरट्याखाली घाण आणि दुर्गंधी. लोक त्याला अपशकुनी समजत, घरटी असलेलं झाड तोडून टाकत. पूर्णिमादेवी बर्मन या जीवशास्त्रज्ञ संशोधनासाठी तिथे गेल्या होत्या. २००७ साली त्यांनी पिल्लांसकट पाडलेलं झाड पाहिलं आणि पीएच.डी. बाजूला ठेवून गावातल्या बायकांना गोळा करायला सुरुवात केली. त्यांनी व्याख्यान दिलं नाही. पक्ष्याची विणीची वेळ आली की गावातल्या गरोदर लेकीसुनेचं करतात तसा सोहळा त्यांनी झाडाखाली मांडला, हरगिल्याचं डोहाळजेवणच. गाणी रचली. आणि मागावर बसणाऱ्या बायकांनी आपल्या गामोशावर, मेखेला-चादरीवर हरगिल्याची नक्षी विणली. ते कापड विकलं जाऊ लागलं. पाहुण्याच्या खांद्यावर गामोसा घालण्याचा आसामात मान असतो. त्या मानाच्या कापडावर अपशकुनी पक्षी जाऊन बसला. 'हरगिला सेने'त आज हजारो बायका आहेत. बर्मन यांना २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला आणि २०२३ साली या पक्ष्याचा दर्जा 'धोक्यात'वरून 'धोक्याजवळ' असा सुधारला.

कलेचं काम इथे शोभेचं नाही. मागावर विणायला बसलेल्या बाईला त्या पक्ष्याकडे चार-चारदा निरखून बघावं लागतं, एवढं तरी नक्की. आपल्याकडे हे अजून कमी आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाला २०१६ सालच्या चित्रपटांतून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. कोकणातल्या कासव संवर्धनाच्या पार्श्वभूमीवर नैराश्यात बुडालेल्या एका तरुणाची ती गोष्ट. फार चांगला चित्रपट. पण तो शहरातून कोकणात आलेला आहे. नमन-खेळ्यांच्या वगात कासवमित्र, चोर आणि वनखात्याचा साहेब हे तिघे अजून का उतरले नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं. दशावतारात तर कासवाची जागा आधीपासून राखीव आहे!

राहिला हवामानाचा मुद्दा, आणि वेळासला तो घोषणेपुरता नाही. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूचं तापमान ठरवतं. ते तीस अंशांच्या आसपास असलं तर दोन्ही निघतात. जास्त तापली तर बहुतेक माद्याच, थंड राहिली तर नर. फार तापली तर अंडीच उबत नाहीत. फेब्रुवारीअखेरीला किंवा मार्चमध्ये घातलेली अंडी एप्रिल-मेच्या उन्हात तापतात, म्हणून कुंपणावर सावलीची हिरवी जाळी घालतात. शेजारच्याच श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ धडकलं, तेव्हा मंडणगड आणि दापोलीतल्या वाड्या आडव्या झाल्या, छपरं उडाली. करोनामुळे पाहुणे आधीच बंद होते. पोफळीचं झाड पुन्हा धरायला वर्षं लागतात. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथली वादळं अधिक जोरदार होत आहेत, हे शास्त्रज्ञांनी सांगायच्या आधी या गावाने भोगलं.

अशा वेळी झाडं लावायचा कार्यक्रम होतो आणि फोटो निघतात. किनाऱ्यावर तर सुरूच लावायचा असतो, वारा अडवायला. पण सुरूची रांग भरतीरेषेपर्यंत आली की मुळांनी वाळू धरली जाते आणि मादीला खड्डा करायला मोकळी जागा उरत नाही. पूर्व किनाऱ्यावर हे झालेलं आहे. कुठे झाडं लावायची नाहीत हे कळणं हेही हवामानाचंच काम आहे. मोकळी, काळोखी, बांधकाम नसलेली वाळू राखणं हे वेळाससारख्या गावाचं त्यातलं सर्वांत मोठं योगदान, पण त्याच्या उद्घाटनाला नारळ फोडता येत नाही.

आता कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्यामार्फत वनखातं कासवं राखण्याचं काम पाहतं. दापोली तालुक्यात आंजर्ल्यालाही कासव महोत्सव भरतो. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावरची ही पहिलीच, म्हणून तिचं नाव 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली 'बागेश्री' केरळ मागे टाकून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. तोवर पश्चिमेची कासवं वेगळी आणि पूर्वेची वेगळी असा एक समज होता. २०२१ साली ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२४ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, आणि तो समज पार डळमळीत झाला.

वेळासला जायचं असेल तर आधी फोन करून विचारा की कुठलं घरटं कधी उबायला आलं आहे; तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका. शक्यतो सोमवार ते गुरुवार जा. मुलांना आधीच सांगून ठेवा की पिल्लू हातात मिळणार नाही, आणि दिसणारही नाही कदाचित. नाहीच दिसलं, तर घरमालकिणीशी पैशांवरून हुज्जत घालू नका. कासव दाखवण्याचे पैसे ती घेत नाही. जेवणाचे आणि अंथरुणाचे घेते, आणि ते पूर्ण द्यायचे असतात.